मनगटाचा जायरो बॉल घेतलास? सुरुवातीला एवढंच कर

भावा, मुठीत धरून मनगटानं फिरवायचा, आत फिरतं चाक असलेला हा बॉल सारखा थांबतो म्हणून खचू नकोस. सुरुवातीला सगळ्यांचाच थांबतो.

बहुतेकांची चूक एकच: खांद्यापासून अख्खा हात घुसळायचा. कोपर अंगाजवळ ठेव, तळहात जमिनीकडे वळव आणि फक्त मनगटानं लहान गोल काढ. चाक सुरू करायची दोरी ओढल्यावर लगेच घाई नको. आतल्या चाकाचा आस (मधला दांडा) कवचाच्या आतल्या खाचेत पकड घेतो तेव्हा हाताला ओढ जाणवते. त्या ओढीच्या तालावर हळूहळू वेग वाढव. वेग वाढेल तसा जोरही जास्त लागतो, वेगळं वजन नको.

खाचेत तेल मात्र अजिबात सोडायचं नाही! आस घर्षणावरच चालतो, तेलानं नुसता घसरतो.

- एका हाताला एक मिनिट, मग विश्रांती.
- डाव्या हातालाही तेवढंच.
- वेगाच्या आकड्यांची चढाओढ आत्ता नको.

हात भरून आला तर चालेल. मुंग्या आल्या किंवा सांध्यात कळ आली, तर त्या दिवशी बंद.

आणि कोल्हापूरच्या गंगावेस, शाहूपुरीसारख्या कुस्तीच्या तालमीत जात असशील, तर दोरावर चढून झाल्यावरच बॉल हातात घे. थकलेल्या पकडीनं दोर सुटतो.