वडिलांना रॅपामायसिन सुरू करावं का?

तुम्ही विचारलंय की वडील ६६ वर्षांचे आहेत, तब्येत ठणठणीत आहे, आणि रॅपामायसिनने म्हातारपण लांबतं असं एका पॉडकास्टमध्ये ऐकलं. तर ऑनलाइन मागवून त्यांना आठवड्याला एक गोळी द्यावी का?

नको. मी डॉक्टर नाही, पण ही गोळी आठ वर्षं रोज सकाळी घेतोय. अकरा वर्षांपूर्वी आईची किडनी मला बसवली. मी आता ४८ चा, आणि पोटातली किडनी ७३ वर्षांची. शरीराने ती परकी समजून हाकलू नये म्हणून ही गोळी. दुकानात तिला सिरोलिमस म्हणतात, औषध तेच.

तिची जन्मकथा मजेशीर आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडाहून एक वैद्यकीय मोहीम ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. बेटाचं तिथल्या लोकांचं नाव रापा नुई, त्यावरून रॅपामायसिन. मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेन सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाच्या चमूने १९७२ मध्ये त्या मातीतल्या जिवाणूपासून ते वेगळं काढलं, तेव्हा ते बुरशीवरचं औषध म्हणून. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळाच बंद केली, तेव्हा सेहगलांनी जिवाणू घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवले, डब्यावर ‘खाऊ नका’ असं लिहून! १९९९ मध्ये अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी परवानगी मिळाली.

आयुष्य वाढण्याची बातमी २००९ ची. अमेरिकेत तीन ठिकाणी एकाच वेळी उंदरांवर प्रयोग झाला. औषध खाद्यात टिकत नव्हतं, त्यावर आवरण चढवण्यात इतका वेळ गेला की उंदीर ६०० दिवसांचे झाले, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीचे. तरीही ९० टक्के उंदीर दगावण्याचं वय नरांत ९ आणि माद्यांत १४ टक्क्यांनी पुढे गेलं. उतारवयात सुरू करूनही फरक पडला, म्हणून एवढा गवगवा.

हे होतं कसं? पेशीत टॉर नावाचं एक प्रथिन असतं. खायला भरपूर असलं की ते चालू. लग्नघरासारखं, भट्ट्या पेटलेल्या, नवीन काम जोरात, अडगळीकडे बघायला कोणाला सवड नाही. तंगी आली की ते शांत होतं आणि पेशी घरातलं मोडकंतोडकं काढून तेच वापरायला लागते. रॅपामायसिन टॉरला दाबतं, म्हणजे पेशीला पोट भरलेलं असतानाही उपास असल्यासारखं वाटतं.

पण भट्टी मंदावली की सगळंच मंदावतं, आणि ते पॉडकास्टवाले सांगत नाहीत. पहिल्या वर्षी माझं तोंड इतकं यायचं की आमटीसुद्धा गार करून, बिनतिखटाची. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, चढले, त्यासाठी वेगळी गोळी लागली. हर्नियाच्या ऑपरेशनआधी सिरोलिमस थांबवून दुसरं औषध दिलं, कारण यावर असताना जखम लवकर भरत नाही. रक्तातली औषधाची लेव्हल तपासायला सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जायचं, सुई टोचून झाली की मग गोळी. ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण त्याने लेव्हल चढते. हे सगळं मला परवडतं, कारण नाहीतर डायलिसिस आहे. तुमच्या वडिलांसमोर दुसरीकडे काय आहे?

तुम्ही म्हणाल, मी रोज घेतो, ते आठवड्यातून एकदा घेणार. मुद्दा बरोबर आहे. २०१४ मध्ये याच औषधाचा भाऊबंद एव्हरोलिमस ६५ च्या पुढच्या लोकांना थोड्या प्रमाणात सहा आठवडे दिला, तेव्हा फ्लूच्या लशीला त्यांचा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध थोडं दिलं तर तीच सुधारते, हे वाचून मी दोनदा खात्री करून घेतली होती. पण पुढे त्याच वाटेवरचं दुसरं औषध घेऊन मोठी चाचणी झाली, श्वसनाचे आजार कमी होतात का ते बघायला, आणि २०१९ मध्ये ती फसली.

उंदरांबद्दल आणखी एक. प्रयोगातले हे उंदीर बहुतेक कॅन्सरनेच मरतात, आणि एव्हरोलिमस तर कॅन्सरवर वापरतातच. मग म्हातारपण लांबलं की नुसत्या गाठी लांबल्या, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. माणसाचं आयुष्य या गोळीने वाढल्याचं अजून कोणी दाखवलेलं नाही.

वडिलांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली नसेल तर आधी ती द्या. तरीही त्यांना गोळी हवीच असेल, तर ऑनलाइन नाही. डॉक्टरांकडे जाऊन आधी साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून घ्या, आणि दाढ काढायची, मोतीबिंदू, काही ठरलेलं असेल तर तेही सांगा.