'अपोरिआ' म्हणजे धर्मसंकट का?

प्रश्न असा आहे: प्लेटोच्या संवादांवर मराठीत लिहिताना 'अपोरिआ' या ग्रीक शब्दासाठी 'धर्मसंकट' वापरावा का?

माझ्या मते वापरू नये, 'पेच' वापरावा. धर्मसंकट हा शब्द ग्रीकांबद्दल लिहिताना लागेलच, पण वेगळ्या ठिकाणी.

'पोरॉस' म्हणजे वाट, नदीचा उतार; त्यावरून उपाय, साधन. त्याआधी नकाराचा 'अ', आपल्या संस्कृत 'अ'चा सख्खा भाऊ. म्हणजे पुढे जायला वाटच नाही अशी अवस्था. 'मेनो' या संवादात सद्गुणावर असंख्य भाषणं ठोकलेला मेनो सॉक्रेटिसच्या प्रश्नांपुढे निरुत्तर होतो. झटका देणाऱ्या माशाने बधिर करावं तसं तू मला केलंस, असं तो म्हणतो. त्याच्यापुढे दोन कर्तव्यं उभी नाहीत. आपल्याला ठाऊक आहे असं वाटत होतं तेच त्याला सांगता येईनासं झालंय. धर्मसंकटात सापडलेल्या माणसाला सहसा दोन्ही कर्तव्यं स्वच्छ दिसत असतात. एक पाळलं की दुसरं मोडतं, हे त्याचं दुःख.

'युथिफ्रो' या संवादात तर हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. नॅक्सॉस बेटावरच्या युथिफ्रोच्या घरच्या शेतावर एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार केलं. युथिफ्रोच्या वडिलांनी मजुराचे हातपाय बांधून त्याला खंदकात टाकलं आणि पुढे काय करायचं हे धर्मज्ञांना विचारायला अथेन्सला माणूस धाडला. तो परतायच्या आत मजूर भुकेने आणि थंडीने मेला. आता मुलगा बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालाय. आपल्याला हे धर्मसंकट वाटतं, घरच्यांना भयंकर वाटतं, पण युथिफ्रोला कसलंच संकट वाटत नाही! पावित्र्य म्हणजे काय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, अशी त्याची खात्री आहे. सॉक्रेटिस एकेक व्याख्या तपासत जातो आणि चर्चा फिरून पहिल्या जागी येते. ती अपोरिआ. म्हणजे प्रसंग धर्मसंकटाचा, अवस्था पेचाची, आणि दोहोंना एकच शब्द दिला तर संवादाचा कणाच मोडतो.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. ॲरिस्टॉटल 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या नवव्या भागात कर्तव्यांच्या संघर्षालाच अपोरिआ म्हणतो: सगळ्या बाबतीत वडिलांचंच ऐकावं, की आजारपणात वैद्याचं? मला दरोडेखोरांच्या हातून ज्याने पैसे भरून सोडवलं, तोच आता पकडला गेला, तर आधी त्याला सोडवू की वडिलांना? (त्याचं उत्तर: वडिलांना; त्यांना तर स्वतःच्याही आधी.) मात्र इथेही तो विचार करणाऱ्याची अडचण सांगतोय, निवड करणाऱ्याची तगमग नव्हे. 'यातही पेच आहे' हे मराठी तिथे नेमकं बसतं. 'पेच'ची हीच सोय की तो बुद्धीलाही पडतो आणि वागण्यातही.

तगमग हवी तर एस्किलसच्या नाटकातल्या राजा अ‍ॅगमेम्नॉनकडे जावं (इ. स. पू. ४५८). देवीची आज्ञा मोडणं जड, पोटच्या लेकीला मारणंही जड, असं तो बोलून दाखवतो. इथे 'धर्मसंकट' बिनदिक्कत लिहा.

ऱ्होड्सच्या हेकॅटॉन या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञाचा प्रश्न रोमन लेखक सिसेरोने इ. स. पू. ४४ मध्ये नोंदवलाय, तोही याच जातीचा. बाप देवळं लुटतोय, खजिन्यापर्यंत भुयार खणतोय. मुलाने अधिकाऱ्यांना कळवावं का? नाही, उलट आरोप आला तर बापाचा बचाव करावा. मग देश मोठा नाही का? मोठाच, पण आईबापांशी निष्ठेने वागणारे नागरिक असण्यातच देशाचं हित आहे. आणि बाप जुलमी सत्ताधीश होऊ पाहत असेल, देशद्रोह करत असेल तर? आधी विनवण्या, मग खडसावणं, धमकीसुद्धा. आणि देशाचा घात होणार असं दिसलं तर बापापेक्षा देश. उत्तर पायरीपायरीने बदलतं, पण बापाचं ऋण कुठल्याच पायरीवर नाकारलेलं नाही. मराठी वाचकाला 'धर्मसंकट' म्हटल्यावर जे अपेक्षित असतं ते हेच.

लिहिताना पहिल्यांदा 'अपोरिआ, म्हणजे वाट खुंटवणारा पेच' असं द्यावं आणि पुढे नुसतं 'पेच' चालवावं.