‘तुमची प्रेरणा काय?’ या रकान्यात काय लिहावं

प्रिय चित्रकर्तीस,
सप्रेम नमस्कार.

अर्ज आणि सोबतची चित्रं बघितली. आधी निवेदनाबद्दल, म्हणजे अर्जात स्वतःच्या कामाविषयी लिहायच्या मजकुराबद्दल लिहितो. ‘कामामागची प्रेरणा’ या मथळ्याखाली तू लिहिलंयस: निसर्ग, संगीत आणि मानवी नातेसंबंध. निवड समितीतल्या माणसांनी हे वाक्य इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यांची नजर त्यावर थांबतही नाही. शिवाय तुझ्या बाबतीत ते खरं नाही. तुझ्या चित्रांत झाडाचं एक पान नाही. आहेत ती वाट बघणारी माणसं. कुणी रांगेत, कुणी बाकावर, कुणी बंद दाराबाहेर, आणि सगळी पाठमोरी. ही माणसं तोंड का दाखवत नाहीत, हा प्रश्न चित्रं बघताना पहिल्यांदा मनात येतो, आणि निवेदनात त्याबद्दल अवाक्षर नाही.

प्रेरणा म्हटलं की काहीतरी भारदस्त सांगावं लागतं, असा तुझा समज झालेला दिसतो. डो हो सू या कोरियन कलाकाराचं उदाहरण घे. न्यूयॉर्कमध्ये राहत असताना त्याचं घर अग्निशमन केंद्रासमोर होतं. रात्रभर आवाज, झोपेचं खोबरं. शेवटची शांत झोप कधी लागली होती, याचा विचार करता करता त्याला सोलमधलं आईवडिलांचं घर आठवलं. झाली ती एवढीच प्रेरणा. अर्जात लिहायला कुणालाही संकोच वाटेल अशी. पण पुढे त्याने काय केलं ते बघ. त्या घराची इंचाइंचाने मापं घेतली आणि 1999 मध्ये अख्खं घर पातळ रेशमात शिवून काढलं, मूळ घराच्या आकाराचं. छताला टांगायचं आणि खाली उभं राहून बघायचं. काम संपलं की घडी घालून बॅगेत भरायचं आणि दुसऱ्या गावी न्यायचं. घराची ओढ लागलेली माणसं जगात कोट्यवधी आहेत. बॅगेत मावणारं घर शिवायचं त्यांच्यातल्या एकालाच सुचलं, आणि मला विचारशील तर बघण्यासारखं आहे ते तिथे आहे.

म्हणून एखाद्या कलाकाराची मुलाखत वाचताना ‘कशावरून सुचलं’ हे उत्तर पटकन वाचून पुढे जा. सुचल्यानंतर हाताने काय केलं, किती काळ केलं, काय टाकून दिलं, तिथे रेंगाळ. एल अनात्सुई या घानात जन्मलेल्या शिल्पकारांना 1998 मध्ये नायजेरियातल्या न्सुक्का गावाबाहेर दारूच्या बाटल्यांच्या ॲल्युमिनियमच्या बुचांनी भरलेली एक पिशवी सापडली, ही गोष्ट तू ऐकली असशील. सगळे तीच सांगतात, जणू पिशवी सापडली आणि कलाकृती झाली. पण तोवर ते पंचवीसएक वर्षं काम करत होते. लाकूड, माती, टाकाऊ पत्रा हाताळून झाला होता. ती पिशवीही आधी नुसती पडून होती. मग बुचं उलगडणं, ठोकून सपाट करणं, मुडपणं, भोकं पाडणं आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधणं सुरू झालं. एका भिंतीभर पसरणाऱ्या कामात अशी हजारो बुचं असतात आणि ती बांधायला अनेक जणांचे हात लागतात. दुरून बघावं तर जरीचं भारी वस्त्र, जवळ जावं तर ब्रँडची नावं. आफ्रिकेत युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेली दारू, तिच्या बदल्यात झालेले सौदे, गुलामांचा व्यापार हा सगळा इतिहास त्या बुचांना चिकटलेलाच आहे, वेगळा सांगावा लागत नाही. आणखी एक गोष्ट मला त्यांच्यात फार आवडते. काम कसं टांगायचं, कुठे चुण्या पाडायच्या, हे ते बरेचदा टांगणाऱ्यांवर सोपवतात. असं सोडून द्यायला छाती लागते. 2015 मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती.

‘माझ्या कामावर कुणाचा प्रभाव लिहू?’ असंही तू विचारलंयस. ज्यांच्यासारखं तुझं काम दिसतं त्यांचीच नावं द्यायला हवीत असं नाही. जपानी चित्रकर्ती यायोई कुसामा तरुणपणी जपानमध्ये असताना त्यांना एका पुस्तकात अमेरिकी चित्रकर्ती जॉर्जिया ओ’कीफ यांचं चित्र दिसलं. टोकियोच्या अमेरिकी दूतावासात जाऊन त्यांनी पत्ता शोधून काढला आणि 1955 मध्ये थेट पत्र लिहिलं. ओ’कीफनी उत्तरही पाठवलं. आता कुसामांचे ठिपके आणि जाळ्या एकीकडे ठेव, ओ’कीफची फुलं आणि हाडं दुसरीकडे. काही साम्य दिसतं? कुसामांनी तिथून रंग घेतले नाहीत की आकार घेतले नाहीत. घर सोडून निघायचं बळ घेतलं. प्रभाव असाही असतो, आणि तो प्रामाणिकपणे लिहिला तर वाचणारा थांबतो. (मोठ्यांना पत्र लिहायला लाजू नकोस, हेही यात आलं. दहांतल्या नऊ जणांचं उत्तर येणार नाही. न येवो.)

पाठमोऱ्या माणसांकडे परत येतो. त्याचं कारण तुला आज सांगता येत नसेल तर ओढूनताणून तयार करू नकोस. चित्रं आणि ॲनिमेशनपट करणारे कलाकार विल्यम केंट्रिज यांचे वडील दक्षिण आफ्रिकेतले वकील. 1960 साली तिथल्या शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी वर्णभेदी कायद्यांविरुद्धच्या निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, 69 माणसं मेली. त्या मृतांचे फोटो वडिलांच्या अभ्यासिकेत एका पिवळ्या डब्यात होते. सहाएक वर्षांच्या विल्यमने चॉकलेटं असतील म्हणून तो डबा उघडला. ती आठवण त्यांच्या कामात उतरली ती तीस वर्षांनंतर, 1994 च्या एका ॲनिमेशनपटात, जिथे माळावर पडलेली प्रेतं हळूहळू जमिनीत मिसळून जातात. त्या तीस वर्षांत त्यांनी राज्यशास्त्र शिकलं, नाटक केलं, पॅरिसला जाऊन मूकाभिनय शिकला.

त्यांची पद्धत तू जवळून बघच, कारण तूही चारकोल, म्हणजे चित्रं काढायचा कोळसा, वापरतेस. साधारणपणे ॲनिमेशनला चित्रांची चळत लागते. केंट्रिज एका प्रसंगाला एकच कागद घेतात. त्यावर चारकोलने काढायचं, कॅमेऱ्यापर्यंत चालत जाऊन एकदोन फ्रेम टिपायच्या, परत कागदाकडे यायचं, थोडं पुसायचं, थोडं नवं काढायचं, पुन्हा कॅमेऱ्याकडे. चारकोल पूर्ण पुसला जात नाही. हललेल्या हाताच्या मागे आधीच्या हाताची करडी सावली राहते. जो देश घडलेलं पुसू बघत होता, त्याच्याबद्दल बोलायला याहून नेमकं साधन सापडणं अवघड. कागद ते कॅमेरा या येरझाऱ्यांतच पुढचं सुचतं, असं ते सांगतात. पटकथा आधी लिहून ठेवत नाहीत.

तू मात्र चुकलेली रेघ खोडरबरने घासून कागद पांढराशुभ्र करतेस. फोटोतही कळतं. थोडे दिवस खोडरबर लांब ठेवून बघ.

निवेदनाचं म्हणशील तर ठसेचित्रं करणाऱ्या झरीना हाश्मींची रीत उचल. गणित शिकलेली ही बाई आधी शब्दांची यादी करायची, मग प्रत्येक शब्दाचं चित्र शोधायची. 1999 मधली त्यांची 36 लाकूडठशांची मालिका अशाच यादीतून आली: घर, उंबरठा, दार, असे साधे उर्दू शब्द, आणि प्रत्येकाला काळ्या रेषांचा एक ठसा. तूही तुझी यादी कर. मोठे शब्द नकोत. बाक, टोकन, पिशवीचा बंद, मानेवरचा घाम, असे. त्यातून चार वाक्यं आपोआप निघतील. ‘मानवी नातेसंबंध’ गेले तरी कुणाला कळणार नाही.

आता एक रुक्ष पण गरजेची गोष्ट. तुझी बरीच माणसं वर्तमानपत्रांतल्या फोटोंवरून घेतलेली आहेत, हे तू सांगितलं नाहीस तरी दिसतं. त्यात गैर काही नाही. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर साठच्या दशकापासून फोटो आणि कात्रणं जमवत गेले आणि ओला रंग कोरड्या ब्रशने पुसट करत त्यांनी फोटोंची चित्रं केली. अमेरिकी चित्रकर्ती ज्युली मेहरेतू बातम्यांतले फोटो संगणकावर ओळखू न येण्याइतके धूसर करतात आणि त्या थरावर आपल्या खुणा काढतात. दोघांकडेही मूळ फोटोचं काहीतरी दुसरंच होतं. तुझ्या दोन चित्रांत तसं झालेलं नाही. कोन तोच, प्रकाश तोच, चौकटही तीच.

अशा ठिकाणी मोठ्या नावांनाही कोर्टाची पायरी चुकत नाही. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी 1981 मध्ये काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून अँडी वॉरहॉलने चित्रं केली होती. त्यातलं एक पुढे 2016 मध्ये, वॉरहॉलच्या पश्चात त्याच्या कामाचे हक्क सांभाळणाऱ्या वॉरहॉल फाउंडेशनने एका मासिकाला छापायला दिलं, त्यावरून वाद पेटला. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी फाउंडेशनच्या विरोधात निकाल दिला. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे आणि मी वकील नाही. पण ज्या फोटोवरून चित्र केलंस त्याच्या छायाचित्रकाराचं नाव, छापून आल्याची तारीख आणि कात्रण चित्रामागे लावून ठेव. त्या दोन चित्रांसाठी आधी लेखी परवानगी माग, मिळेपर्यंत ती अर्जातून काढ. त्यांच्या जागी बाकावरच्या बाईचं ते छोटं चित्र पाठव, जे तू ‘अपूर्ण’ म्हणून शेवटी जोडलंयस. मला तरी ते पुरं झालेलं वाटतं.

तुझा,
सर