दुधाला ‘डिग्री’ लागते ती कशाची?

प्रश्न आला आहे तो असा: दूध संकलन केंद्राच्या पावतीवर ‘डिग्री २८’ असं असतं. ही डिग्री कशाची, आणि तिला मराठीत ‘दाटपणा’ म्हणावं की ‘घनता’?

दाटपणा नको. दाट, घट्ट, पातळ हे शब्द डोळ्याला आणि जिभेला जाणवतं त्याचे. घनता म्हणजे ठरावीक मापात किती वजन भरतं ते. दोन्ही एकच असतं तर साय तळाला बसली असती. साय दुधाहून दाट असते, पण हलकी असते, म्हणून वर येते.

डिग्री तापमानाचीही नाही, ती घनतेची. दुधात लॅक्टोमीटर, म्हणजे घनता मापायची काचेची नळी, सोडला की तो थोडा बुडून तरंगतो, आणि दुधाच्या पातळीला दांडीवरचा जो आकडा येतो ती डिग्री. पाण्याची घनता १ धरली तर चांगल्या दुधाची साधारण १.०२८ ते १.०३२ असते. दांडीवर त्यातले शेवटचे दोनच अंक असतात, म्हणून १.०२८ ची डिग्री २८. धारोष्ण, फेसाळ दुधात लॅक्टोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी दिसतो. म्हणून फेस बसू द्यायचा आणि तापमान पाहून आकडा दुरुस्त करायचा. या दुरुस्त आकड्यालाच ‘सीएलआर’ म्हणतात.

पाणी घातलं की डिग्री उतरते, साय काढली की चढते. दोन्ही केलं तर ती जागच्या जागी राहू शकते! म्हणून नुसत्या डिग्रीवर भागत नाही, फॅट, म्हणजे स्निग्धांश, वेगळी मोजावी लागते.

मग येतो ‘एसएनएफ’: पाणी आणि फॅट वगळून दुधात उरणारी प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार. प्रयोगशाळेत दूध वाळवून उरलेलं वजन करतात आणि त्यातून फॅट वजा करतात. केंद्रावर मात्र सूत्रानं भागवतात: सीएलआरचा चौथा भाग, अधिक फॅटचा सुमारे पाचवा भाग, अधिक एक लहान स्थिरांक. स्थिरांक ०.३६ धरला तर डिग्री २८ आणि फॅट ३.५ ला ७ + ०.७ + ०.३६, म्हणजे ८.०६. गाईच्या दुधाचा दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर, त्यामुळे २८ डिग्री ऐकली की शेतकऱ्याचा चेहरा का उतरतो ते कळतं.

एसएनएफला ‘स्निग्धेतर घनपदार्थ’ असा शब्द आहे. मला ‘स्निग्धांश’च्या जोडीला ‘स्निग्धेतर घनांश’ जास्त आवडतो. पण ‘दुधाची घनता ८.५’ असं कुणी लिहिलं तर ती सरळ चूक आहे. ८.५ हा शंभर भागांतला घनांश, घनता नव्हे. ‘घन’ दोन्हीकडे असल्यानं घोटाळा होतो, एवढंच.

क्रियापद मात्र केंद्रावरचंच ठेवा: फॅट किती ‘लागली’, डिग्री किती ‘लागली’. विहिरीला पाणी लागतं, डोहाचा ठाव लागतो, तसंच हे. आत दडलेलं काही मापून हाती आलं की मराठीत ते ‘लागतं’.