कोविडच्या लाटेत आजारी मुलाला घरीच हॉस्पिटलसारखे उपचार देता येतात का?

सौम्य आजारात बऱ्याच अंशी, पण रोज डॉक्टरांशी बोलणं हवंच. औषध देणं सोपं असतं. हॉस्पिटलचा खरा फायदा दर काही तासांनी होणाऱ्या तपासणीचा, आणि तीच घरी आणायची. मूल शांत झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, वहीत लिहा. मिनिटाचे श्वास दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षापर्यंतच्याचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्याचे ४० किंवा जास्त भरले, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा मूल दूध-पाणी घेईना, तर थेट हॉस्पिटल गाठा. स्टेरॉइड मनाने नको. २०२१च्या केंद्राच्या सूचनांनी सौम्य आजारात ते घातकच ठरवलं होतं. तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल पुरतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारी प्रिस्क्रिप्शनं शेजाऱ्यांनाच लखलाभ!