उत्तर: शीचांगहून मागवलेलं युएचिन कस्टममध्ये अडकलंय

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. चीनमधल्या शीचांग शहरातल्या दुकानदाराकडून तिथल्या यी जमातीच्या लोकांचं युएचिन (छोटं तंतुवाद्य) मागवलंत, बिलावर 'रोझवूड' आलंय, आणि आता कस्टमचं 'वन्यजीव परवाना दाखवा' म्हणून पत्र. माझंही डिट्टो हेच झालं होतं. (मी वकील नाही, कस्टम एजंटही नाही. नियम बदलतात, स्वतः तपासून घ्या.)

ड्युटी, केवायसी वगैरे तुम्हाला माहीत असेलच. खरी मेख लाकडात आहे. चिनी दुकानात 'हाँगमू' (तांबडं लाकूड) म्हणून बरीच लाकडं विकली जातात. त्यातली काही डालबर्जिया, म्हणजे खऱ्या रोझवूडच्या वंशातली, काही नाहीतच. बिलावर मात्र सरसकट रोझवूड. बहुतेक सगळ्या डालबर्जिया जाती २०१७ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत आहेत, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड जास्त कडक अशा परिशिष्ट १ मध्ये, त्याला ही सूट नाही.

मला ज्या कचेरीनं रडवलं तिथे ही सूट कोणाच्या गावीच नव्हती. 'चीनचा निर्यात परवाना आणा.' दुकानदार म्हणे, लागतच नाही तर देईल कोण? ईमेल केली तर 'छापून आणा', छापून नेलं तर साहेब रजेवर. इकडे डेमरेज (गोदामाचं भाडं) चढतंय. शेवटी पेटी उघडली, तर 'सापाचं कातडं आहे का?' अहो, ते सानश्येनला, त्या दुसऱ्या चिनी तंतुवाद्याला असतं! याला समोर सरळ लाकडी पाट. पण ऐकतो कोण? आत कसलं लाकूड आहे ते बघायला साहेबांनी वाद्याच्या अष्टकोनी धडाच्या काठावर, काळ्या-लाल-पिवळ्या लाखेवर किल्लीनं ओरखडा काढला. ल्यांगशानच्या (शीचांगच्या आसपासचा यी लोकांचा मुलूख) कारागिरानं एवढं रंगवलेलं वाद्य, आणि किल्ली!

तर आता दुकानदाराकडून लाकडाचं शास्त्रीय नाव लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र मागवा. बिलावर 'तयार वाद्य' हे शब्द आणि ९२०२ हा तंतुवाद्यांचा कस्टम कोड हवाच. सोबत साइट्सच्या परिशिष्टांतली टीप क्रमांक १५ छापून, वाद्यांना सूट देणाऱ्या ओळीखाली रेघ मारून जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'गिफ्ट दाखवा, किंमत कमी लिहा' असे सल्ले इथे मिळतील. माझ्या मते तो शुद्ध मूर्खपणा आहे, पेटी उघडली की दुप्पट अडकाल. छेडायची पट्टी शिंगाची असेल तर तीही लेखी सांगून टाका.

हातात आल्यावर लगेच तारा ताणू नका. खालची तारदान (तारा अडकवायची पट्टी) पाटावर फक्त चिकटवलेली असते, गोदामाच्या उकाड्यात सुटायला येते. उखडलीच तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्या आणि सरसच लावायला सांगा. दुसऱ्या कसल्या पक्क्या गोंदानं चिकटवली तर पुढच्या वेळी पाटाचा टवका घेऊनच निघेल.