फिलिपिनो बोसनच्या हाताखाली जाताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जॉइनिंग लेटर आलं, जहाज बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल वाहणारं, आहे, अधिकारी आपल्याकडचे आणि डेकवरचे बहुतेक खलाशी फिलिपिनो, हे कळलं. तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य होतं, "ते लोक जात्याच कष्टाळू असतात म्हणे." बाकीचं फोनवर सांगता आलं असतं. हे पत्र त्या 'जात्याच'साठी.

जात्याच कोणी डेक घासत नाही. फिलिपिन्सने १९७४च्या कामगार कायद्यापासून माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरणच केलं, १९८२मध्ये त्यासाठी वेगळं प्रशासन उभारलं आणि २०२१च्या कायद्याने तर स्थलांतरित कामगारांचं स्वतंत्र खातं काढलं. २०२३ साली त्यांच्या परदेशातल्या कामगारांनी बँकांमार्फत घरी धाडलेला पैसा साडेतेहतीस अब्ज डॉलरच्या आसपास होता. या सगळ्या यंत्रणेत खलाशी कायम नोकर मात्र नसतो. साधारण नऊ महिन्यांचं कंत्राट, ते संपलं की घर, आणि पुढचं मिळेपर्यंत पगार बंद. उतरताना वरिष्ठ त्याच्या कामाचा शेरा लिहितात आणि तो मनिलातल्या एजन्सीकडे जातो. एका वाकड्या शेऱ्याने पुढचं जहाज हातचं जाऊ शकतं. मागे रांग केवढी आहे ते बघायचं तर मनिलातल्या लुनेता बागेजवळचा टी. एम. कलाव रस्ता बघावा. कागदांची फाइल काखेत मारून खलाशी उभे, आणि रिकाम्या जागांच्या पाट्या घेऊन एजन्सीची माणसं. नवख्या पोरांना तर आधी 'युटिलिटी' म्हणून एजन्सीत राबावं लागतं. निरोप पोचवणं, झाडलोट, साहेबाची घरची कामं, महिनोन्महिने, बिनपगारी किंवा चिरीमिरीवर, जहाजावरच्या एका जागेच्या आशेने.

तुझा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सकाळी आठच्या आधी दहा मिनिटं हसतमुखाने डेकवर हजर असेल, त्यामागे हे एवढं आहे. त्याची शिस्त उचल, त्यातली भीती उचलू नकोस. दोन्ही एकमेकांत मुरलेली असतात, म्हणून कुठलं काय ते सांगतो.

शिस्त दिसेल ती गंजात. ओएसचे, म्हणजे तुझ्यासारख्या नवख्या डेक खलाशाचे (ऑर्डिनरी सीमन), निम्मे दिवस गंज ठोकून काढायचा चिपिंग हॅमर आणि वायर ब्रश यांच्याबरोबर जातात, आणि इथे चांगला फिलिपिनो बोसन म्हणजे शाळाच. तो आधी जागा गोड्या पाण्याने धुऊन घेतो. आपली पोरं हे टाळतात, कारण गोडं पाणी जपून वापरायचं असतं आणि गंज नंतर निघणारच असतो. पण पत्र्यावर मीठ राहिलं की ते रंगाच्या थराखाली ओलावा ओढतं आणि काही आठवड्यांत फोड येतात. मग चिपिंग, मग ग्राइंडर किंवा वायर ब्रश, लखलखीत धातू दिसेपर्यंत. त्यानंतर जुन्या रंगाची कड घासून उतरती करायची. ती उभी ठेवली की नवा थर तिथूनच सुटतो. धूळ पुसून त्याच दिवशी प्रायमर. रात्रभर उघडा राहिलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो, म्हणजे कालचा दिवस पाण्यात. सपाट भागावर रोलर फिरवण्याआधी वेल्डची शिवण, कोपरे, बोल्टची डोकी यांवर ब्रशने एक हात मारायचा, कारण कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच डोकं वर काढतो. दोन डब्यांचा इपॉक्सी असेल तर डब्यावर छापलेलं प्रमाण मोजून आणि लागेल तेवढाच कालवायचा. हार्डनर पडला की घड्याळ सुरू झालं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर नसेल, तर रंगाला हात लावायचा नाही.

बोसनला हे सगळं पाठ असतं. तरीही चीफ ऑफिसर "आजच संपव" म्हणाला की तो "येस सर" म्हणून दवावर रंग मारेल.

भीती आहे ती या 'येस सर'मध्ये. तागालोगमध्ये 'हिया' असा शब्द आहे. लाज, भीड, संकोच, सगळं त्यात आलं. वरिष्ठाला चारचौघांत नाही म्हणणं म्हणजे त्याचीही लाज काढणं आणि आपलीही. आपल्याकडे भिडेपोटी माणूस जामीन राहतो, त्यातलाच प्रकार. त्यामुळे जहाजावरच्या 'येस सर'चे तीन अर्थ होतात: कळलं; ऐकू आलं; काहीही कळलं नाही पण तुम्ही रागावू नका. जोडीदाराला "कळलं ना?" असं कधी विचारू नकोस. "आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करणार?" असं विचार. उत्तर आलं नाही तर त्याला कळलेलं नाही. तुला मिळालेली सूचनाही तू मोठ्याने परत म्हणून दाखव. पहिले चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी बोसनच इतरांना तसं करायला लावेल.

ही भीड सर्वांत महाग पडते ती बंदिस्त जागेत. तोलासाठी समुद्राचं पाणी भरायची बॅलास्ट टँक, नांगराच्या साखळीचा चेन लॉकर, कोळसा किंवा लाकडाचा माल भरलेला होल्ड, म्हणजे मालाची कोठी. गंज आणि माल हवेतला ऑक्सिजन खातात, आणि तो कमी झालेला ना वासाने कळतो ना रंगाने. मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला पाहिजे, ज्वलनशील वायू त्याच्या खालच्या स्फोटक मर्यादेच्या १ टक्क्याच्या आत पाहिजे, परमिटवर सही पाहिजे, आणि तोंडाशी एक माणूस रेडिओ घेऊन उभा पाहिजे. यातलं एक जरी नसेल आणि कोणी "दोनच मिनिटांचं काम आहे" म्हणालं, तर आत जाऊ नकोस. पहिलंच जहाज असलं तरी. आत कोणी पडलेला दिसला तरीही श्वसनसंच चढवल्याशिवाय उतरायचं नाही, आधी अलार्म. 'पाकिकिसामा', म्हणजे सगळ्यांशी जमवून राहणं, हा त्यांचा मोठा गुण. पण आपला माणूस पडला म्हणून मागोमाग उतरणारा दुसरा असाच जातो, आणि हे सगळ्याच देशांच्या खलाशांचं आहे.

विश्रांतीच्या तासांचंही तसंच. २४ तासांत निदान १० तास, ७ दिवसांत ७७. ते १० जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, एक तुकडा सलग ६ तासांचा. हा नियम ज्या सागरी कामगार कराराचा, तो अमलात यायला ३० देशांची मंजुरी लागत होती आणि तो तिसावा देश फिलिपिन्स, ऑगस्ट २०१२. त्याच देशाचा खलाशी बंदरात सोळा तास राबून तक्त्यावर दहा तास विश्रांती भरतो, कारण शेरा. तू मात्र तुझे खरे तास एका छोट्या वहीत रोज लिहीत जा.

पैशाच्या बाबतीत त्यांच्याकडून डोळे मिटून शीक. फिलिपिनो खलाशाला मूळ पगाराचे निदान ८० टक्के दरमहा घरी पाठवावेच लागतात. तसं त्यांच्या कंत्राटातच असतं, कंपनी परस्पर घरच्या खात्यात भरते. आंतरराष्ट्रीय तडजोडीत २०२५ साठी एबीचा (एबल सीमन, ओएसच्या वरची पायरी) किमान मूळ पगार ६७३ डॉलर ठरला. त्यातले ५३८ गेले घरी. हातात राहतो तो उरलेला भाग आणि ओव्हरटाइम. आपल्यावर अशी सक्ती नाही, पण पगाराचा भाग घरी वळवून घेण्याचा हक्क त्याच सागरी कामगार करारात तुलाही आहे. सही करतानाच अलॉटमेंटचा फॉर्म मागून घे. ओएसला एबीपेक्षा कमी मिळतं, म्हणून आकडा आधी काढ, मग फोन बघायला जा. आणि जहाज मिळवून देण्याबद्दल कोणी पैसे मागत असेल तर तो एजंट खोटा समज. फिलिपिन्समध्येही खलाशाकडून ते घ्यायला बंदी आहे. एजन्सीचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा नंबर, डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर तपास, ओळखीच्या माणसाने पाठवलं असेल तरी.

पैसे घरी जातात आणि तरीही बरेच जण कर्जात असतात. 'फाइव्ह-सिक्स' नावाची तिथली सावकारी आहे, पाच घ्या नि सहा परत करा. गंमत अशी, की हा धंदा मोटारसायकलवरून करणारे बहुतेक आपल्याकडचे पंजाबी, आणि सगळ्याच भारतीयांना तिथे नाव पडलंय 'बुंबाय', आपल्या बॉम्बेवरून. फिलिपिन्समधल्या इलोइलो प्रांताकडचे खलाशी खूप असतात आणि तिकडे तर कांद्यालाही 'बोम्बाय' म्हणतात. तेव्हा मेसमध्ये हा शब्द कानावर आला की लगेच अंगावर घेऊ नकोस; कुक कदाचित कांदाच मागत असेल. जहाजावर कोणाला उसने मात्र देऊ नकोस. नाही म्हणायचं ते एकट्याला गाठून आणि हसून, चारचौघांत नव्हे.

बोसनला 'बोस' म्हणतात. वयाने मोठ्याला 'कुया' म्हटलंस तर माणूस खुलतो. कुया म्हणजे आपला दादा. मेसमध्ये शिरलास की जेवणारा "काईन तायो" म्हणेल. कोकणात ताटावरून "या जेवायला" म्हणतात तेच. लगेच बसायचं नसतं, पण ओलांडून मुकाट जायचंही नसतं. भात तिन्ही त्रिकाळ मिळेल. सिनिगांग म्हणजे चिंचेचा आंबट रस्सा, आणि तुयो म्हणजे सुकी मासळी. तुझं बरं चालेल. पोर्क खात नसशील तर पहिल्याच दिवशी कुकला सांग. आदोबो कोंबडीचाही असतो आणि डुकराचाही, दिसायला सारखाच. शनिवारी कराओके असेल. गाता येत नसलं तरी जाऊन बस, केबिनचं दार लावून बसणाऱ्याला रात्री मूरिंगच्या, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायच्या, वेळी कोणी आवाज देत नाही.

आणि चढलास त्या दिवशी आधी त्या माणसाला गाठ, ज्याच्या जागी तू आलास. तो घरी निघालेला असतो, बॅग गँगवेशी ठेवलेली असते, तासभर मिळाला तरी पुष्कळ. त्याच्याकडून तीन गोष्टी विचारून नव्हे, बरोबर चालत जाऊन बघून घे: मूरिंगला तुझी जागा कुठली आणि दोर तुटला तर तो कुठून झेपावेल, तुझा लाइफजॅकेट आणि थंड पाण्यात तगवणारा इमर्शन सूट कुठे आहे नि त्या सूटची चेन चालते का, आणि दोर ओढणाऱ्या कुठल्या विंचचा ब्रेक घसरतो. तिसरं तो बोसनसमोर सांगणार नाही.